मिस ओपलचं मत

"तुला गं काय कळतं शाळेतलं?" असं कुणी विचारलं, तर मिस ओपल पेटवे हातातली तापलेली फणी खाली न ठेवता म्हणायची, "निम्मी शाळा माझ्या खुर्चीत बसून रडलीय. सगळं कळतं." शिकागोच्या दक्षिण भागात तिचं केस सरळ करून देण्याचं दुकान होतं. नव्या कायद्याने मुख्याध्यापक निवडायचा अधिकार प्रत्येक शाळेच्या मंडळाला मिळाला, आणि पालकांमधून ओपल दणदणीत मतांनी निवडून आली.

इतकी वर्षं शहराच्या शिक्षण कचेरीने ठरवायचं आणि शाळेने माना डोलवायच्या. त्यामुळे पहिल्या बैठकीत सगळे एकमेकांची तोंडं बघत बसले. मुख्याध्यापक निवडतात कसा?

"चर्चला नवा पाद्री हवा असला की आपण काय करतो?" ओपल म्हणाली. "एक रविवार त्याला प्रवचन करायला लावतो ना? तसंच इथं. वर्गावर उभं करा, तासभर शिकवू दे. आपण मागे बसायचं."

"मिस्टर गेदरनासुद्धा?" तिची मैत्रीण बर्डीन चपापली. "अठरा वर्षं मुख्याध्यापक आहेत ते!"

"मग तर त्यांना सोपंच जाईल."

गेदरसाहेबांनी पाचवीच्या वर्गात झकास भाषण ठोकलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या, निम्म्या मंडळाने डोळे पुसले. ओपलचाही त्यांच्यावर जीव होता. तिची मुलगी गेली तेव्हा ते अंत्यविधीला आले होते, आणि ओपलने सांभाळलेली नात रोशेल याच वर्गात होती; तिच्या प्रगतिपुस्तकावर ते दर वर्षी स्वतःच्या हाताने 'उत्तम' लिहायचे.

दुसऱ्या उमेदवार ऑलिथा क्रेन, दुसऱ्या शाळेतल्या शिक्षिका. भाषण नाही की काही नाही. पुस्तक उघडलं आणि एकेका मुलाला चार ओळी वाचायला सांगितल्या. रोशेल पहिल्याच शब्दाला अडली. दुसरा तिने अंदाजाने ठोकून दिला, मग गप्प झाली. क्रेनबाई तिच्याशेजारी जाऊन बसल्या, अक्षरांवर बोट ठेवत तिच्याकडून एक अख्खी ओळ वाचून घेतली आणि मगच पुढे सरकल्या. मागे बसलेल्या ओपलला मान वर करवेना.

मतदान लगेच झालं. सहा मतं लागत होती. क्रेनबाईंना पाच पडली, गेदरसाहेबांना चार. राहिली ओपल.

"भर वर्गात पोरीची अब्रू काढली त्या बाईने," बर्डीन कुजबुजली. "दाखव तिला आता."

ओपल उठली. "अब्रू आज नाही गेली, बर्डीन. पाच वर्षं रोज जात होती, आणि मी प्रगतिपुस्तक गिऱ्हाइकांना दाखवत मिरवत होते. माझं मत क्रेनबाईंना. लिहून घ्या."

मग ती गेदरसाहेबांकडे वळली. "तुमचे उपकार विसरणार नाही, साहेब. पण पोरीला वाचता येत नाही, हे मला तुम्ही सांगायला हवं होतं."

"तुम्हाला फार वाईट वाटलं असतं, मिस ओपल."

"मग वाटू द्यायचं होतं."