अस्तरात शिवलेल्या गोळ्या

मास्तरांनी घातलेली शिलाई उसवायला गेलं तर कापड फाटतं पण टाका सुटत नाही, अशी त्यांची ख्याती होती. ती बहुतेक त्यांनी स्वतःच पसरवली होती.

दुकान म्हणजे एकच खोली. पुढे कापड बेतायचं लांब टेबल, मागे पायानं चालवायची दोन मशीनं, आणि भिंतीला खिळ्यांवर टांगलेले बिनबाह्यांचे अर्धवट कोट. खिडकीजवळच्या खुर्चीत मास्तरीणबाई. काज, बटणं, हूक, तुरपाई हे खातं त्यांचं. तीस वर्षं दोरा दातानं तोडून तोडून त्यांच्या समोरच्या दातात बारीकशी खाच पडली होती. कातर हरवेल, पण हिचा दात कधी हरवायचा नाही, असं मास्तर गिऱ्हाइकांना कौतुकानं सांगायचे. बाई मान वर न करता म्हणायच्या, तुम्हाला चावले नाही, म्हणूनच टिकलाय.

मास्तरांना नाचण्याचा भारी सोस. कुणाचं लग्न असो, कुणाचा वाढदिवस असो, वाद्यं वाजायला लागली की मास्तर खुर्चीत ठरायचे नाहीत. त्यांचा नाच कुणी शिकवलेला नव्हता. तो मशीनच्या पायट्यावर घडलेला होता. आधी टाच, मग चवडा, पुन्हा टाच. कमरेवरचं अंग इस्त्री केल्यासारखं ताठ आणि खाली पाय मात्र टीप मारत सुटलेले. नाचताना कोटाची शिवण जागची हलता कामा नये, हा त्यांचा नियम. आणि नाचायचं ते मास्तरीणबाईंबरोबरच. एरवी दिवसभर एकमेकांना टोचून बोलणारी ही दोन माणसं नाचायला उभी राहिली की अख्खा हॉल खुर्च्या मागे सरकवायचा.

मधुमेह निघाला चार वर्षांपूर्वी. आधी गोळ्या झाल्या, मग इन्सुलिनची सुई लागली. मास्तरांनी डॉक्टरीणबाईंना पहिला प्रश्न विचारला तो डोळ्यांचा नाही, मूत्रपिंडाचा नाही. दारू अगदी बंदच का, एवढंच विचारलं, आणि तेही हात कापायचा का, असं विचारावं तशा चेहऱ्यानं. डॉक्टरीणबाई अनुभवी होत्या. माणूस नाही म्हटलं की चोरून पितो, हे त्या जाणून होत्या. त्यांनी कागदावर लिहून दिलं. उपाशीपोटी थेंब नाही, जेवणाबरोबर फार तर दोन लहान पेग. नाचायच्या आधी साखर तपासायची आणि झोपायच्या आधीही, कारण दारू प्यायलेल्या माणसाची साखर कित्येक तासांनी सुद्धा उतरते. खिशात ग्लुकोजच्या गोळ्या. आणि शेवटचं: बरोबरच्या माणसांना सांगून ठेवायचं, कारण साखर उतरलेला माणूस आणि पिऊन तर्र झालेला माणूस लांबून सारखेच दिसतात.

मास्तरांनी सगळं मान्य केलं, शेवटचं सोडून.

त्यांचं म्हणणं होतं की कापड बेतणाऱ्याचा हात हीच त्याची अब्रू. आजारी माणसाच्या कातरीखाली आपलं महागडं कापड कोण घालेल? दारू चढलेल्या माणसाची सकाळी उतरते. आजारी माणूस सकाळीही आजारीच. त्यामुळे आठ महिन्यांपूर्वी एका बारशाच्या पार्टीत, दीड पेगवर आणि मूठभर शेंगदाण्यांवर नाचता नाचता मास्तरांचे पाय लटपटले आणि ते ढोलवाल्याच्या अंगावर गेले, तेव्हा लोक हसले, मास्तरही हसले. ढोलवाल्यानं त्यांना आपल्या डब्यातला लाडू चारला म्हणून निभावलं. पुढे आठवडाभर जो तो दुकानात डोकावून विचारायचा, काय मास्तर, उतरली का? मास्तर मान डोलवायचे.

बाईंना मात्र ते लागलं. कारण मास्तरांना लोक हसत होते, पण बाईंची कीव करत होते. शेजारची इस्त्रीवाली त्यांचा हात हातात घेऊन म्हणाली होती, कसं काय सोसता हो. तीस वर्षांत ज्याचा एक टाका वाकडा गेला नाही त्या माणसाची बायको, आणि तिला बेवड्याची बायको म्हणून लोकांचा दिलासा. त्या दिवशी बाईंनी काजाची सुई खाली ठेवली आणि सांगून टाकलं. “लोकांना खरं काय ते सांगा. तोवर मी तुमच्याबरोबर नाचायला उभी राहणार नाही.”

मास्तरांना वाटलं, राग आहे, विरेल. मध्ये दोन पार्ट्या झाल्या. दोन्हीकडे बाई खुर्चीत हाताची घडी घालून बसल्या आणि मास्तर हॉलच्या कडेला एकटेच पायानं टीप मारत राहिले. जोडीदाराशिवायची ती टीप दोरा न ओवता मशीन चालवल्यासारखी.

मग बाईंच्या भावाच्या मुलीचं लग्न ठरलं. दुपारची पार्टी, एक वाजता जेवण. भाची बाईंची लाडकी. बाई तिच्या लग्नात तरी नाचतील, अशी मास्तरांना आशा होती. त्यांनी स्वतःसाठी नवा कोट शिवायला घेतला, राखाडी रंगाचा, आणि गिऱ्हाइकांची कामं अडवून तो पंधरा दिवस शिवत बसले.

आदल्या दिवशी बाईंनी ग्लुकोजच्या गोळ्यांचं पाकीट पुढ्यात टाकलं आणि खिशात ठेवायला सांगितलं. इथं मास्तरांची पंचाईत झाली. उभ्या जन्मात त्यांनी गिऱ्हाइकांना एकच उपदेश केला होता, कोटाच्या खिशात काही घालू नका, पडण बिघडते, कापड अंगावर सरळ पडत नाही. आणि आता स्वतःच्या कोटात दहा गोळ्यांची पुंगळी कोंबायची? नाचताना ती उड्या मारणार. मग मास्तरांनी शिंपीच काढील अशी युक्ती काढली. बटणाएवढ्या चपट्या त्या गोळ्या त्यांनी एकेक करून प्लास्टिकमध्ये गुंडाळल्या, डाव्या बाजूला अस्तराच्या आत ओळीनं मांडल्या आणि प्रत्येकीभोवती शिलाई घातली. दहा गोळ्या, दहा कप्पे. कोट अंगात चढवून आरशासमोर टाच-चवडा करून पाहिलं. काही हललं नाही, काही फुगलं नाही. बाईंनी विचारलं, घेतल्या का गोळ्या? मास्तरांनी छातीवर थाप मारली.

शिलाई कच्ची घालायची होती, ओढली की सुटेल अशी. पण मास्तरांना कच्ची शिलाई घालता येत नव्हती.

हॉलमध्ये माणसं जमली. एक वाजायच्या बेतात मास्तर हात धुवायला म्हणून उठले आणि संडासाची कडी लावून पोटात इन्सुलिन टोचून आले. ताट समोर आल्यावर टोचा, असं बाई नेहमी बजावत. पण ताट समोर आल्यावर टोचायचं म्हणजे दहा जणांसमोर सदरा वर करायचा. शिवाय मास्तर वेळेचे पक्के. एकचं जेवण म्हणजे एकला, असा त्यांचा हिशेब. आचारी मात्र वेळेचा पक्का नव्हता. दीड वाजला तरी भात शिजत होता.

तोवर मेहुण्यानं मास्तरांच्या हातात व्हिस्कीचा ग्लास दिला. दुसरा दिला. दुसरा त्यांनी अर्धाच प्यायला. तेवढं पथ्य त्यांनी पाळलं. वाद्यं सुरू झाली. मास्तरांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी हाताची घडी घातली आणि जेवणाला इतका उशीर का, ते बघायला त्या स्वयंपाकघराकडे निघून गेल्या. मास्तर एकटेच उतरले. आज ईर्ष्येनं नाचले. आत गेलेल्या बाईंना निदान टाळ्या तरी ऐकू जाव्यात, म्हणून नाचले.

तिसऱ्या गाण्याला कपाळावर घाम फुटला. चौथ्याला टाच पडायच्या जागी चवडा पडला. समोरचे दिवे लांबट दिसायला लागले. काय होतंय ते मास्तरांना कळलं. त्यांनी कोटाची डावी बाजू उघडली आणि अस्तर ओढलं. एकदा ओढलं, दोनदा ओढलं. बोटं थरथरत होती. टाका हलेना.

लोकांना दिसलं ते एवढंच की घामेजलेला मास्तर हॉलच्या मधोमध उभा राहून स्वतःच्याच कोटाशी मारामारी करतोय. हशा पिकला. “चढली रे दाजींना,” असं म्हणत मेहुण्यानं त्यांना खुर्चीत बसवलं. उतरवायला म्हणून कुणी लिंबाची फोड चोखायला दिली, कुणी बिनसाखरेची काळी कॉफी आणली. नेमकी साखर सोडून सगळं येत होतं. बँकेतले साहेब, म्हणजे दुकानाचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक, तोंडावर वारा घालत होते. मास्तर काहीतरी बोलत होते, पण जीभ जड झाली होती आणि त्यांचं शब्द अडखळणं म्हणजे दारूचा पुरावाच ठरत होता.

हशा ऐकून बाई बाहेर आल्या. मास्तरांच्या ओल्या मानेला हात लावला आणि विचारलं, गोळ्या कुठं आहेत? मास्तरांनी बोट अस्तराकडे नेलं. बाईंनी हात आत घातला, दहा कप्पे चाचपले, आणि तीस वर्षांच्या संसारात वापरली नव्हती ती शिवी वापरली. मग भावाला म्हणाल्या, “यांना चढलेली नाही. मधुमेह आहे, साखर उतरलीय. पळ, काहीतरी गोड प्यायला आण.”

भाऊ पळाला. बाई खाली बसल्या, नवा कोट दोन्ही हातांनी धरला आणि खाचेच्या दातानं पहिला टाका पकडला. टाका मास्तरांचा, दात मास्तरीणबाईंचा. अख्खा हॉल बघत होता. टाका तुटला नाही. शेवटी ख्यातीप्रमाणे कापडच फाटलं. टर्रकन अस्तर खालपर्यंत गेलं, गोळ्या खाली सांडल्या. बाईंनी चार गोळ्या प्लास्टिक काढून मास्तरांच्या तोंडात कोंबल्या आणि चावा म्हणून दटावलं.

तेवढ्यात भाऊ धापा टाकत बाटली घेऊन आला. बाईंनी बाटली फिरवून पाहिली. बिनसाखरेची होती.

“मधुमेह म्हणालीस ना,” तो म्हणाला, “म्हणून मुद्दाम शोधून आणली.”

बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुन्हा पळाला.

बाईंच्या पिशवीतल्या तपासायच्या यंत्रावर साखर अठ्ठावन्न निघाली. पाव तासानं चौऱ्याऐंशी. आचाऱ्याकडून भाताचं पहिलं ताट आलं, ते मास्तरांनी निमूटपणे संपवलं. चेहऱ्यावर रंग आला, जीभ हलकी झाली. भोवती माणसं अजून उभीच होती, आणि आता कुणी हसत नव्हतं. मास्तरांना तेच नको होतं. त्यांनी एकदा बाईंकडे पाहिलं. बाई प्लास्टिकचे कागद गोळा करत होत्या, वर बघत नव्हत्या.

मास्तरांनी घसा साफ केला. “चार वर्षं झाली. सुई घेतो दिवसातून चारदा. मागं ढोलवाल्याच्या अंगावर पडलो तेव्हाही हेच होतं. ही म्हणत होती सांगा म्हणून, मीच सांगितलं नाही.” आणि मग बँकेच्या साहेबांकडे वळून म्हणाले, “हात मात्र चांगला आहे अजून.”

साहेबांनी मान हलवली. तोंडावर वारा घालायचं थांबवून विचारलं, “ते कळलं. माझी पँट गुरुवारी मिळणार ना?”

ज्या भीतीनं मास्तरांनी चार वर्षं आजार लपवला आणि संडासात सुया टोचल्या ती भीती एवढीशी निघाली. गुरुवार नाही, शुक्रवार, असं मास्तर म्हणाले, आणि साहेब कुरकुरत जेवायला गेले.

अर्ध्या तासानं बाईंनी पुन्हा मास्तरांचं बोट टोचलं. एकशे अठरा. वाद्यवाले जेवून परत बसले होते, पोटं भरल्यामुळे चाल संथ धरली होती. मास्तरांचा अर्धा उरलेला ग्लास टेबलावर तसाच होता. मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं. बाईंनी मास्तरांकडे पाहिलं, ग्लास उचलला, एका घोटात रिकामा केला, पदरानं तोंड पुसलं आणि हात पुढे केला.

“एकच गाणं,” त्या म्हणाल्या. “आणि ते अस्तर आत खोचा.”

मास्तरांनी खोचलं नाही. त्यांनी फाटलेला कोट तसाच ठेवला, शिवणीकडे एकदाही पाहिलं नाही, आणि टाच, चवडा, टाच सुरू केली. राखाडी अस्तर मागे शेपटीसारखं हलत होतं. लोकांनी खुर्च्या मागे सरकवल्या.

दुसऱ्या दिवशी मास्तर त्या कोटाला नवं अस्तर बेतत होते, आणि या खेपेला बाईंनी हट्टानं आत एक खिसा घ्यायला लावला होता, एका बोटानं उघडेल असा. पडण गेली, पडण गेली, असं मास्तर पुटपुटत होते. इस्त्रीवालीनं दारातून डोकं आत घातलं. काल मास्तरीणबाई भलत्याच रंगात होत्या म्हणे, असं तिनं डोळे मिचकावून विचारलं.

बाईंनी काजाचा दोरा दातानं तोडला.

“हो,” त्या म्हणाल्या. “मला चढली होती.”