खर्च आपला

अक्षर वाईट आहे, हे आधीच सांगून टाकते. चौथीनंतर शाळा सुटली. वेलांटी पहिली की दुसरी हे मला अजूनही कळत नाही, म्हणून बऱ्याच ठिकाणी अंदाजाने दिली आहे. कोणी वाचलंच तर सांभाळून घ्यावं. आक्कांबद्दल लिहून ठेवावं असं बरेच दिवस मनात होतं. तोंडाने सांगायला मला जमत नाही.

आक्का म्हणजे माझी मोठी नणंद. त्यांना हळू बोलता यायचं नाही. सासरे कालव्यावर मजूर होते, त्यामुळे ही भावंडं धरणाखालच्या वसाहतीतच वाढली. पाण्याच्या या काठावरून त्या काठाशी बोलायची आक्कांना लहानपणापासून सवय, आणि ती घरातही सुटली नाही. मी नवीन सून म्हणून आले तेव्हा त्यांनी मला कोपऱ्यात बोलावलं, माझ्या कानाशी तोंड आणलं आणि गुपित सांगितलं, "कांते, तुझ्या भाजीत तेल लई व्हायलंय." बाहेर बाजेवर बसलेले सासरे हसले. मी आठ दिवस त्यांच्यासमोर गेले नाही.

वसाहतीत त्यांना सगळे पाणकोंबडी म्हणायचे. पाणकोंबडी जशी इथे बुडते आणि भलतीकडे वर येते, तशा त्या. त्यांना कळमनुरीकडे दिलं होतं, पण थोड्याच दिवसांत त्या माघारी आल्या. काहून आलीस असं कोणी विचारलं, की म्हणायच्या, "तिकडची विहीर कोरडी व्हती." यापेक्षा जास्त त्यांनी कधी कोणाला सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

कोणाच्या विहिरीत घागर पडो, मोटार पडो, वाकून बघताना खिशातला मोबाईल पडो, आक्कांना बोलावणं यायचं. पाण्यात उतरण्याआधी त्या चपला काढून पाण्याकडे पाठ करून ठेवायच्या. वर आलं की पाय सरळ घराच्या वाटेला लागले पाहिजेत, असं त्यांचं म्हणणं. या कामाचे पैसे त्यांनी कधी घेतले नाहीत. चहा मात्र घ्यायच्या, आणि साखर कमी पडली तर तिथेच ओरडून सांगायच्या.

पुढे त्या होमगार्डात लागल्या, आणि तिथून तहसीलच्या शोध पथकात. पथकाने त्यांना पुण्याकडे नेऊन पाठीवर सिलिंडर लावून बुडायचं शिकवलं, तसं सर्टिफिकेटही दिलं. मग विहिरीतल्या घागरी मागे पडल्या. धरणात, नदीत कोणी बुडालं की जीप दारात उभी राहायची. आक्का जायच्या आणि माणूस बाहेर काढून द्यायच्या. जिवंत माणूस काढायला पथक कधी वेळेवर पोचलं नाही. परत आल्या की नळाखाली बराच वेळ हात धूत बसायच्या, मग भाकरी मागायच्या आणि एक शब्द न बोलता खायच्या. त्यांचा आवाज बंद झाला की आम्ही समजायचो. त्या दिवशी त्यांना कोणी काही विचारायचं नाही, असा घरात रिवाजच पडला होता.

एकदा असंच जेवून झाल्यावर त्या मला म्हणाल्या, "धरणाच्या पान्यात काई दिसत न्हाई, कांते. डोळे मिटून चाचपायचं. अन् हाताला लागतं ते मेलेलंच ऱ्हातं. एकदा पान्यात जितं काई बघावं वाटतं."

 हे त्यांनी कुठेतरी आणखीही बोलून दाखवलं असणार, कारण काही महिन्यांनी त्यांना शिकवणाऱ्या सरांनी एक नंबर पाठवला. मालवणच्या बाजूला समुद्राच्या तळाशी मच्छीमारांची जुनी जाळी खडकांना अडकून राहतात. त्यावर काही मंडळी माहितीपट करत होती. पाण्याखाली दिवे धरायला, जाळी कापायला त्यांना स्वयंसेवक पाहिजे होते.

आक्का फोन नेहमी स्पीकरवर, तोंडासमोर आरशासारखा धरून बोलायच्या. त्यामुळे तो फोन सगळ्या घराने ऐकला. माहितीपट करणारे साहेब फार अदबीने बोलत होते. ताई आपण या, आपलं स्वागत आहे, आपल्यासारख्या अनुभवी बाई आल्या तर आनंदच आहे, असं सगळं. शेवटी म्हणाले, "राहणं, जेवण, बोट, सिलिंडर, सगळा खर्च आपला राहील हं, ताई."

फोन ठेवल्यावर सासूबाई म्हणाल्या, बघा, माणसं किती चांगली हायत, खर्चसुद्धा तेच करून राहिले. आमच्या घरात कोणालाच दुसरं काही वाटलं नाही. 'हे' म्हणाले की जायला हरकत नाही, पण एकटीने जायचं नाही, कांताला सोबत न्यायचं. मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी नाही म्हणाले असते.

निघण्याच्या आदल्या आठवड्यात मी जवळा बाजार गावच्या बाजारात माझ्या शेळ्या विकल्या होत्या. त्या माझ्या स्वतःच्या होत्या, पाटी म्हणजे लहान पिलं असल्यापासून वाढवलेल्या. ते पैसे न्हाणीसाठी होते. आमच्या घरामागे ताडपत्री लावून आंघोळ करायची जागा होती. वारा सुटला की एका हाताने ताडपत्री धरावी लागायची. मला चार भिंती आणि आतून कडी लागणारं दार पाहिजे होतं. घरात पैसे ठेवले तर ते दुसऱ्याच कशाला तरी निघतात, म्हणून कमरेच्या पिशवीत घालून मी ते सोबत घेतले.

तिथे पोचलो त्या दिवशी संध्याकाळी हिशोब बघणारी एक मुलगी आक्कांजवळ आली. ताई, पैसे फोनवरून देणार की रोख, असं तिने विचारलं. आक्का मोकळेपणाने म्हणाल्या, "कसेबी द्या बाई, मला दोनी चालतंय." ती मुलगी हसली. तिला वाटलं ताई गंमत करतात. मग दोघींचं बोलणं जमेना, तेव्हा तिने साहेबांना बोलावलं.

आक्का म्हणाल्या, "तुमीच म्हनले व्हते ना, खर्च आपला."

"हो ताई. आपला म्हणजे आपला. तुमचा."

"आमच्याकडं आपला म्हंजे आपला. समद्यांचा."

साहेबांचा चेहरा उतरला. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी खाली बसून समजावून सांगितलं, की त्यांना कोणाची मदत नाही, स्वयंसेवक जे भरतात त्यावरच बोटीचं डिझेल येतं. नाशिकचे एक डॉक्टर आणि पुण्याची दोन कॉम्प्युटरवाली मुलं, सगळ्यांनी पैसे भरलेले होते. आक्कांचे पैसे सोडले तर बाकीच्यांना काय सांगू, असं ते म्हणाले. पाण्यात न उतरता बोटीवर थांबायचं असेल तर राहण्याजेवण्याचं काही घेणार नाही, असंही म्हणाले.

आक्का गप्प झाल्या. ते गप्प होणं मला ओळखीचं होतं. एवढ्या लांब येऊन, समुद्र समोर दिसत असताना, त्या नळाखाली हात धुताना बसायच्या तशा बसल्या होत्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, सकाळच्या गाडीने माघारी जाऊ.

मी म्हणाले, "पैसे मी देते."

परक्या पुरुषांसमोर मी असं कधी बोलले नव्हते. माझा आवाज मलाच दुसऱ्या कोणाचा वाटला. आक्का माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "ते तुझ्या न्हानीचे हायत."

"न्हाणी कुठं पळून चालली?" मी म्हणाले आणि पिशवी सोडायला भिंतीकडे तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी बोटीवर मला उलट्या झाल्या, त्यामुळे आक्का पहिल्यांदा पाण्यात कशा गेल्या ते मी पाहिलं नाही. पण वर आल्यावर साहेब त्यांना काहीतरी समजावत होते आणि कॅमेरा धरणारा मुलगा हसू दाबत होता. नंतर कळलं, आक्का खाली गेल्या त्या सवयीने डोळे मिटून. तोंडावरच्या काचेच्या आत डोळे गच्च मिटलेले, आणि दोन्ही हातांनी खडक चाचपत निघालेल्या. त्यात वाळू उडाली आणि सगळ्यांचं चित्रीकरण वाया गेलं. त्या मुलाने काचेवर टकटक केलं, तरी त्यांनी डोळे उघडले नाहीत. त्यांना वाटलं, सिलिंडर कशाला तरी लागतंय.

साहेबांनी विचारलं, ताई, डोळे का मिटले? आक्का म्हणाल्या, "उघडून काय करायचं अस्तंय, हेच म्हाईत न्हाई."

दुपारी त्या परत उतरल्या. या वेळी मी बोटीच्या काठाला धरून बघत होते. बुडबुडे येत होते तिकडेच माझं लक्ष होतं. बऱ्याच वेळाने त्या वर आल्या, बोटीवर चढल्या, काच काढली आणि माझ्याजवळ येऊन बसल्या. कॅमेऱ्याचा मुलगा विचारत होता, कसं वाटलं ताई. पण आक्कांनी माझ्या कानाशी तोंड आणलं आणि खरोखर हळू बोलल्या. एवढं हळू की मलाच नीट ऐकू येईना, म्हणून परत सांगावं लागलं.

"हात जवळ नेला की सरकून जातंय, कांते. समदं सरकून जातंय."

एवढंच. मग अंगावर टॉवेल घेऊन त्या बोटीच्या टोकाला जाऊन बसल्या.

माहितीपट पुढे फोनवर आला. त्यात आक्का कुठेच दिसत नाहीत. एका ठिकाणी दिवा धरलेला एक हात येतो आणि लगेच जातो. "ह्यो हात माझा," असं त्यांनी वसाहतीत घरोघरी जाऊन ओरडून दाखवलं. लोक थट्टा करायचे, बाकीची पाणकोंबडी माशाने खाल्ली का म्हणून. आक्काही हसायच्या.

माझे पैसे त्या होमगार्डाच्या भत्त्यातून थोडे थोडे द्यायला लागल्या. जीप येतच होती, त्या जातही होत्या. पण आता हात धुवायला जास्त वेळ लागायचा. एके दिवशी जीप आली तेव्हा त्या उंबऱ्यावर बसल्या होत्या. ड्रायव्हरला म्हणाल्या, "आता दुसरं कोनी बघा." महिन्याभरात त्या मालवणकडे गेल्या. फिरायला आलेल्या लोकांना पाण्यात नेऊन मासे दाखवणाऱ्या एका बोटीवर काम मिळालं होतं. 'हे' चिडले, बहीण असून बोलणं सोडलं. त्यामुळे घरी येणं राहिलं. सासूबाईंच्या मातीला तेवढ्या आल्या आणि दुसऱ्या दिवशी गेल्या.

पैसे येत राहिले. आले की मागून फोन. "कांते, पोचले का?" मी हो म्हणायची, मग त्या समुद्राचं सांगत बसायच्या आणि मी भाकरी थापत ऐकायची. न्हाणीच्या भिंती झाल्या, दार बसलं. एकदा मी म्हणाले, आक्का, आता राहू द्या, बाकीचे मी सोडले. तर माझ्यावरच ओरडल्या, "परक्याचे बुडवले तरी चालतंय. घरच्याचे फेडाया लागतात." मग मी म्हणाले, निदान घाई करू नका, थोडे थोडेच द्या. त्याचा अर्थ त्यांना कळला की नाही ते मला माहीत नाही.

यंदा पावसाळ्याआधी बोटी बंद झाल्या, तेव्हा त्यांनी उरलेले सगळे एकदम पाठवले. फोन आला. नेहमीसारखाच मोठा आवाज, शेजारच्या बाईने मान वळवून पाहिलं. "कांते, आता तुझं माझ्याकडं काईच न्हाई बघ," त्या म्हणाल्या. मी बरं म्हणाले.

त्यानंतर फोन आलेला नाही. पैसे पूर्ण फिटले.