पेवाचं नाक

माझे वडील माळकरी होते, आणि निजामाच्या आबकारीचा जवान त्यांना दारू गाळल्याबद्दल धरायला आला होता. दोन्ही गोष्टी खऱ्या. दोहोंच्या मध्ये मी आहे.

आमच्या कुंभार पिंपळगावात तेव्हा ज्वारी पेवात ठेवत. जमिनीत खोल खड्डा, आत कडब्याचं अस्तर, त्यात ज्वारी, आणि तोंड शेणामातीनं गच्च बंद. गावातली पेवं माझी विधवा आत्या लिंपायची. भावाच्या घरी राहणाऱ्या बाईला एरवी मान तो कसला? पण पेव भरलं की पाटीलसुद्धा दारात यायचा, “गीताबाई, चला जल्दी. तुमच्या लिंपणातून मुंगी जात न्हाई.”

त्या वर्षी मी बदनापूरला धान्याची नासाडी टाळण्यावरचं भाषण ऐकून आलो. (अर्धंच. उरलेल्या अर्ध्यात मी भजी खाल्ली.) साहेब म्हणाले, “दाणा जिवंत असतो, श्वास घेतो.” झालं! आमची ज्वारी खाली गुदमरून राह्यली, हे मला तिथंच उमगलं. मी एका बांबूच्या गाठी तापल्या सळईनं आतून जाळल्या आणि आत्याच्या ताज्या लिंपणातून तो गुपचूप पेवात खुपसला. वर चार बोटं नाक ठेवलं, त्यावर पाचोळा.

ज्वारीनं श्वास घेतला. मग पावसाळा आला, आणि ज्वारीनं पाणीही घेतलं!

पोळ्याला पेव उघडायचं ठरलं, तेव्हा मी आधीच बांबू उपसून गोठ्यामागं फेकला आणि भोकावर शेण थापलं. त्याला आंबूस घमघमाट होता. पण मला वाटलं, श्वासाला थोडा वास यायचाच!

तोंड फोडताच वडील नाक दाबून मागं सरले. काळी, बुजबुजलेली ज्वारी उकिरड्यावर गेली, आणि ती आमच्या ढवळ्यानं पोटभर खाल्ली. संध्याकाळी सगळ्या गावाचे बैल वेशीच्या तोरणाखालून गेले. ढवळ्या तोरणाखाली बसला तो उठेना. नुसता मान डोलवायचा!

आबकारीचा जवान सणाच्या दारूवर नजर ठेवून तिथंच उभा होता. “क्या पिलाये बैल को?”

“साहेब, गळ्यात माळ हाय माझ्या!”

“माला तो बैल के गले में भी है!”

शेवटी तो वडलांना धरून घरी आला, पेवात डोकावला आणि हसत निघून गेला. आम्ही मात्र हसलो नाही. वर्षाची भाकर सडली होती.

“आक्का,” वडील हळूच म्हणाले, “औंदा लिंपण कच्चं राह्यलं का गं?”

आत्या आपल्या तळहातांकडे बघत राहिली. “राह्यलं असंल बाबा.”

मी तोंड उघडलं. आणि त्यात पुरणपोळी घातली.

पुढच्या वर्षापासून पाटील आला नाही. कुणीच आलं नाही. मी मात्र शेतीखात्यात लागलो! गावोगाव जाऊन शेतकऱ्यांना धान्य कसं राखावं ते सांगू लागलो. दाखला ठरलेला, “आमच्याच घरचं बघा, आत्याचं लिंपण कच्चं राहिलं.” लोक हळहळायचे. मीही हळहळायचो.

असं भाषण एकदा आमच्याच गावात, मारुतीच्या पारावर ठोकून मी घरी जेवायला बसलो. आत्या चुलीपुढं होती. तिनं फुंकणी उचलली, आणि माझा घास हातातच राहिला. ती बांबूची होती. आतल्या गाठी सळईनं जळालेल्या.

“कुठली गं ही?”

“गोठ्यामागं घावली व्हती. त्याच पोळ्याला.” तिनं फुंकर मारली, जाळ भडकला. “हवा बराबर जाती हिच्यातून. भाकर वाढू?”

“वाढ,” मी म्हणालो.

आता आत्या नाही, पाटील नाही, ढवळ्याही नाही. म्हणून धीर करून लिहितो: आत्याचं लिंपण पक्कं होतं. तिनं लिंपलेलं प्रत्येक पेव कधी ना कधी उघडलं. माझं तोंडच तेवढं इतकी वर्षं बंद राहिलं. भाकरीपुरतं उघडायचं.