पॅसेजमधली खाट

ही गोष्ट सांगायची मी अनेक वर्षं टाळली.

नव्वदच्या सुमारास दुकान सोडून मी मीरा रोडच्या आमच्या घरातच हार्मोनियम दुरुस्त करू लागलो. स्वर लावायला शांतता लागते. स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या आड यायच्या, म्हणून मी हॉल घेतला आणि तिथली वडिलांची खाट पॅसेजमध्ये, न्हाणीघराच्या दाराशी सरकवली. “चला, या वयात अटॅच्ड बाथरूम मिळालं,” ते हसून म्हणाले. त्यांना दमा होता.

एकदा एका गवयाची पेटी संध्याकाळपर्यंत द्यायची होती. पंखा बंद, खिडक्या बंद. एक स्वर काही केल्या लागत नव्हता आणि वडिलांचा खोकला थांबत नव्हता.

“बाबा, पुरे करा हो आता!” मी ओरडलो.

खोकला थांबला. स्वर लागला, पण पॅसेजमधून काहीच आवाज येईना. घाबरून मी धावलो. तोंडात टॉवेल कोंबून ते बसले होते, चेहरा काळानिळा पडलेला. मला पाहून त्यांनी टॉवेल काढला.

“झालं का रे?”

“थोडंच राहिलंय,” म्हणालो आणि परत पेटीपाशी गेलो.

‘बाबा, चुकलो. मोकळेपणी खोका,’ एवढंच म्हणायचं होतं. ते जाईपर्यंत मला ते म्हणता आलं नाही.