निर्जळ उपवास आणि बंद कान: बंगळूर ते बुऱ्हाणपूर

बंगळूरहून बुऱ्हाणपूरला थेट रेल्वे आहे, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर प्रतिक्रियांमध्ये तुम्ही सांगालच. पण त्यात एक अख्खी रात्र आणि बराचसा दिवस जातो, आणि आईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, गुडघ्यांना तेवढा प्रवास झेपत नाही. बुऱ्हाणपुरात, लोधीपुऱ्यात, त्यांची धाकटी बहीण राहते. लग्नं झाल्यापासून दोघींनी हरतालिका एकत्र पुजली नव्हती. यंदा पुजायचीच, असं फोनवर ठरलं. मी इंदूरपर्यंत विमान आणि पुढे टॅक्सी असा बेत केला. आदल्या दिवशीची तिकिटं महाग होती, म्हणून हरतालिकेच्याच सकाळची काढली. संध्याकाळच्या पूजेला आरामात पोचू, हा हिशेब अगदी बरोबर होता.

चूक दुसरीकडे झाली.

आईंचा डावा कान फार वर्षांपासून अधू आहे. सगळी भिस्त उजव्यावर. विमान उतरताना दडे बसतात हे वाचून मी लिंबाच्या गोळ्या आणि पाण्याची बाटली घेतली होती. विमान खाली यायला लागलं, तशी मी ऐटीत गोळी पुढे केली.

"आज?" आई म्हणाल्या.

आज निर्जळ! तिथी पाहून तिकीट काढणारी मी तिथीलाच काय चालत नाही ते विसरले.

"नुसती चोखा, गिळू नका."

"महादेवाला काय सांगू?"

"मग थुंकी तरी गिळा."

"तोंडात असेल तर गिळेन ना."

नाक धरून, तोंड मिटून हळूच हवा सोडायला लावलं. (हळूच, बरं का. जोर करू नका.) उपयोग शून्य. चाकं टेकली तेव्हा उजवा कान पूर्ण बंद झाला होता. मी काहीतरी विचारलं, त्यावर आई इतक्या मोठ्यांदा "काय?" म्हणाल्या की पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी वळून माफी मागितली.

टॅक्सीत बसल्यावर मात्र त्यांचा चेहरा उतरला. "कहाणी ऐकूच नाही आली तर?" आईंच्या लेखी हरतालिकेची कहाणी कानावर पडल्याशिवाय व्रत पुरं होत नाही. पाणी प्यायलं तर उपास मोडतो, न प्यायलं तर कान उघडत नाही आणि कहाणी हुकते. दोन्हीकडून अडकवलं होतं ते मी.

इंदूर ते बुऱ्हाणपूर पाच तास धरा. रस्त्याची कामं चालू असतील तर जास्त. टॅक्सीचं भाडं जवळजवळ विमानाच्या तिकिटाएवढं पडतं. सिमरोलपुढचा घाट उतरताना माझेही कान दडपले. मी गुपचूप एक गोळी तोंडात टाकली आणि खिडकीकडे तोंड केलं. माझा उपास केळ्यांवर चालतो, त्यात लिंबाची गोळी बसते का, यावर मोरटक्क्याचा नर्मदेचा पूल येईपर्यंत विचार केला. बसत नाही.

चालक सगळं आरशातून बघत होता. "मॅडम, माँजी को जम्हाई आ जाए ना, तो कान खट से खुल जाएगा."

मी लगेच मोठमोठ्या खोट्या जांभया द्यायला लागले. आई बाहेर कपाशी बघण्यात दंग. चालकाला मात्र लागोपाठ दोन खऱ्या जांभया आल्या, तेव्हा मी प्रयोग तिथेच थांबवला.

आसीरगडाचा किल्ला मागे टाकून केळीच्या बागांमधून लोधीपुऱ्यात पोचलो. मावशींनी तापीच्या वाळूची पिंड मांडून, पत्री रचून ठेवली होती.

"अक्का! किती वाळली व तू!"

"काय?"

मावशी माझ्याकडे वळल्या. "अक्काले ऐकू नाही येऊन राहिलं काय?"

मी झालेला प्रकार सांगितला. शेजारची सून तव्यावर फडकं गरम करून घेऊन आली, "भाभी, कान में गरम तेल डालो" म्हणाली. तेलाला मी नाही म्हटलं, फडक्याला हो. कान शेकला, लाल झाला, उघडला नाही.

"अक्काचा कान खुलल्याबिगर कहाणी नाही वाचायची," मावशींनी जाहीर केलं. त्या स्वतः पहाटेपासून निर्जळ.

मग आम्ही तिघी पिंडीसमोर नुसत्या बसून राहिलो. मी फोनवर प्रवासाची टिपणं करत होते.

"काय लिहून राहिली व?"

"ब्लॉग. आजचा प्रवास."

"वाच मंग. टाइमपास होईल."

मी वाचायला घेतलं: टोलनाके, कुठे चहा बरा मिळतो, कुठे स्वच्छतागृह आहे. सनावद येईस्तोवर मावशींचे डोळे बारीक झाले. खंडव्याच्या वळणरस्त्यावर त्यांनी अशी प्रचंड जांभई दिली की हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकल्या. समोर बसलेल्या आईंना त्यातलं अक्षर ऐकू येत नव्हतं, पण जांभई दिसली. त्यांचा जबडा थरथरला. त्यांनी तोंडावर पदर धरला. मी न थांबता वाचत राहिले.

"...आणि मग डावीकडे आसीरगड दिसतो. खूप उंच आहे, पण आमच्या सासूबाईंचा हट्ट त्याहून..."

"त्याहून काय?" आई म्हणाल्या.

मावशी टाळ्या वाजवायला लागल्या. "खुलला! कान खुलला!"

"ते कळलं. त्याहून काय, ते वाच."

"उंच," मी वाचलं.

आईंनी माझ्याकडे पाहिलं, पिंडीकडे पाहिलं. "कहाणी होऊ दे. मग बघते."

कहाणी मावशींनी वाचली. आई उजवा कान पुढे करून ऐकत होत्या, ओठ सोबत हलत होते. कुणालाही जांभई आली नाही, हे लेखिका या नात्याने मी नोंदवून ठेवते.

दुसऱ्या दिवशी तापीच्या राजघाटावर विसर्जन केलं आणि तिथून थेट मावा जिलबी. गरमच खा, एकीत पोट भरतं, आई दोन खाऊ शकतात.

परतीच्या विमानात आईंनी लिंबाच्या गोळ्यांचं अख्खं पाकीट संपवलं. कान ठणठणीत.

घरी येऊन हे लिहायला बसले तेव्हा माझं मन थोडं खट्टू होतं. माझ्या लिखाणाने बंद कान उघडतो, याचा अभिमान बाळगायचा की कसं? दोघी बहिणी तर खूश आहेत. काल मावशींचा फोन आला होता: पुढच्या हरतालिकेला विमानानेच या, सूनबाईला म्हणावं एखादा लांबलचक लेख घेऊन ये.

ते आसीरगडाचं वाक्य मी खोडणार होते. आधी आईंना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं.

"राहू दे. फक्त उंच नको, भक्कम लिही."

भक्कम लिहिलंय: आसीरगड खूप उंच आहे, पण आमच्या सासूबाईंचा हट्ट त्याहून भक्कम.