जपून ठेवलेली काच

एकोणीसशे साठ साल नुकतंच उलटलं होतं. रेडीच्या खाणीवर मी टोपल्या वाहायचे आणि माझा घोव सुरुंगासाठी दगडात भोकं पाडायचा. त्याचं हसणं अख्ख्या वाडीला ऐकू जायचं. त्या हसण्यावर भाळूनच मी लग्नाला हो म्हटलं, नाहीतर रूपाचा आनंदच होता! पण खाणीचा लाल धुरळा त्याच्या छातीत बसला. हसला की खोकला, खोकला की धाप. मग मी त्याची थट्टा करणंच सोडलं. माझ्यासारख्या तोंडाळ बाईने जीभ आवरायची म्हणजे काय शिक्षा, विचारू नका.

उन्हाळ्यात धूळ मोजणारा एक साहेब आला. धूळ जास्त निघाली तर भोकं पाडताना पाणी मारायला नळ मिळणार, असं मुकादम म्हणाला. साहेबाने नवऱ्याच्या कामाच्या जागेशेजारी चिकट मलम फासलेली काचेची पट्टी ठेवली आणि मला बजावलं, "बाई, ही पट्टी नीट जपा. संध्याकाळी मी बघायला येईन."

जपा म्हटल्यावर मी जपली हो! रोज साहेब यायच्या आधी पदराने लख्ख पुसायची, वरून खोबरेलाचं बोट फिरवायची आणि जागच्या जागी ठेवायची. परक्याची वस्तू मळकी परत द्यायची नाही, हे आईने लावलेलं वळण.

तिसऱ्या संध्याकाळी साहेब भिंगातून बघत म्हणाला, "आश्चर्य आहे. इथे धूळ नाहीच. नळाची गरज दिसत नाही."

माझं डोकं सणकलं. अंबाड्यातली मोगऱ्याची वेणी ओढून काढली आणि त्याच्या नाकासमोर धरली. सकाळी पांढरीशुभ्र माळलेली, आता गेरूत बुडवल्यासारखी. "धूळ नाय? मगे ह्या काय? तुमची काच खोटा बोलता!"

"पण मग पट्टी इतकी स्वच्छ कशी?"

"आसतलीच स्वच्छ!" मी ऐटीत म्हटलं. "मी रोज पुसून ठेवतंय!"

साहेबाने कपाळावर हात मारला. टोपल्या वाहणाऱ्या बायका हसून हसून लोळल्या. नवरा पोट धरून हसला आणि मग खोकला जो लागला, तो थांबेचना. छाती दाबत तो खालीच बसला. मी धावत जाऊन पाण्याचा तांब्या त्याच्या तोंडाला लावला.

साहेबाने वेणी रुमालात बांधून घेतली. दुसऱ्या दिवशी नवी पट्टी ठेवली आणि हात जोडले, "आता हिला हात लावू नका, बाई!" संध्याकाळी पट्टी लालभडक झाली होती. मला ती पुसायची इतकी हुक्की आली, की मी हात पाठीमागे बांधून उभी राहिले.

दसऱ्यानंतर नळ आला. भोकांत पाणी, रस्त्यावर पाणी, पायांत चिखल. चिखलाला मी शिव्याही मनापासून घातल्या. पुढच्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी घरी येऊन वेणी सोडली, तर कोमेजलेली, पण पांढरी! मी नवऱ्याला दाखवली.

"गो," तो म्हणाला, "आज कामाक गेलंसच नाय काय?"

"गेलंय तर! पण तू धुतल्यार पण इतको गोरो होवचंस नाय!"

कितीतरी दिवसांनी जीभ सुटली होती. तो हसायला लागला आणि मी सवयीने पाण्याचा तांब्या उचलला. तो हसतच राहिला. शेजारीण काय झालं म्हणून बघायला आली, तरी तांब्या माझ्या हातात भरलेलाच होता.