जगातल्या दोन टिटव्या

गल्लीत त्याला सगळे पायलट म्हणत. विमान चालवणं राहिलं बाजूला, हा माणूस जन्मात कधी विमानात बसलासुद्धा नव्हता. त्याची सगळी नोकरी बस दुरुस्तीच्या कारखान्यात गेली. चेपलेला पत्रा ठोकून सरळ करायचा, फाटलेला कापून नवा लावायचा, आणि ड्रायव्हरला चार शिव्या हासडायच्या, हे त्याचं काम. पण घरामागच्या शेडमध्ये त्याने लढाईतलं एक मोडकं विमान आणून ठेवलं होतं, आणि गल्लीला नाव ठेवायला तेवढं कारण पुरतं.

विमानाचं कागदोपत्री नाव म्हणजे नुसती अक्षरं आणि आकडे. सैनिक त्याला टिटवी म्हणत. पाय लांब, काटकुळे, आणि इंजिनाचा आवाज असा की झोपलेला माणूस उठून बसावा. टिटवीने कधी बॉम्ब टाकला नाही की गोळी झाडली नाही. वर जायचं, शत्रू कुठे आहे ते बघायचं आणि गुपचूप परत यायचं. लढाई संपली आणि बघायला काही उरलं नाही, तेव्हा सरकारने सगळ्या टिटव्या भंगारात काढल्या. लढाईत पडल्या नाहीत तेवढ्या शांततेत मोडल्या.

पायलट शिकाऊ होता तेव्हा बसच्या तळाला लावायला म्हणून त्याच्या हाती एक जुना पत्रा आला. त्यावर रिव्हेटची एक ओळ होती. इतकी सरळ, इतकी एकसारखी, की त्याच्या उस्तादानेही ती बघून नुसती मान हलवली. तो पत्रा टिटवीचा होता. बसच्या तळाला तो काही लागला नाही. पायलटने तो घरी नेला आणि घराची शांती गेली.

टिटवी शोधायची त्याची एक रीत होती. विमानाचं नाव काढायचं नाही. विमान म्हटलं की माणूस एक तर भाव खातो, नाहीतर दार लावून घेतो. पायलट सुट्टीच्या दिवशी सायकल काढायचा, टिटव्या जिथे मोडल्या त्या जुन्या लष्करी तळाच्या आसपासच्या वस्त्यांत हिंडायचा, आणि दारात उभा राहून विचारायचा, "छप्पर गळतं का हो?" गळतच असे. मग तो वर चढायचा, टिटवीचा जुना पत्रा दिसला की उतरवायचा, कोरा पत्रा स्वतःच्या हाताने बसवून द्यायचा. लोक त्याला मनात वेडा म्हणत आणि तोंडावर चहा देत. असा एक पंख त्याला विहिरीवरच्या पंपाच्या डोक्यावर सापडला. धडाच्या अर्ध्या भागात कोंबड्या झोपत. त्या कोंबड्यांना त्याने नवं खुराडं करून दिलं, तेही रंग लावून.

बायकोने बरीच वर्षं कळ काढली. मग मुलीला बाळ झालं, ती मदतीला म्हणून गेली आणि तिकडेच राहिली. भांडण नाही, तंटा नाही. जाताना शेडच्या दारात उभी राहून एवढंच म्हणाली, "तुम्हाला शेडमध्ये कुणी लागत नाही. मला घरात माणूस लागतं." पायलटच्या दातांत त्या वेळी रिव्हेट धरलेले होते. ते काढून बोलेपर्यंत ती फाटकाबाहेर गेली होती. खरं सांगायचं तर ते काढायची त्याने घाईही केली नाही.

आता मास्तर.

मास्तर दुसऱ्या गावचे, बसने दिवस मोडेल इतक्या लांबचे. शाळेत चित्रकला शिकवत. त्यांनाही टिटवीनेच पछाडलेलं. दोघांची गाठ पडली एका भंगारवाल्याकडे. तिथे एक पुरी चेचलेली टिटवी आली होती. सगळी गेलेली, फक्त दोन वस्तू धड होत्या: समोरच्या काचेची चौकट आणि शेपटीखालचं छोटं चाक. पायलटने झडप घालून चाक उचललं. वळून बघतो तो एक चष्मेवाला, इस्त्रीचा शर्ट घातलेला गृहस्थ चौकट छातीशी धरून उभा.

"ती चौकट ठेवा खाली," पायलट म्हणाला.

"आधी तुम्ही चाक ठेवा," गृहस्थ म्हणाले.

भंगारवाला बिचारा तराजूशी खोळंबलेला. म्हणाला, "अहो, दोघे मिळून एकच विमान करा ना!" त्या दोघांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो मुकाट वजनं लावायला लागला. शेवटी एक जण चाक घेऊन गेला, दुसरा चौकट. त्यानंतर किती भंगार चाळलं तरी तशी चौकट पायलटला मिळाली नाही आणि तसं चाक मास्तरांना मिळालं नाही. जगात दोनच टिटव्या उरल्या होत्या, आणि दोन्ही अपुऱ्या.

तेव्हापासून दर रविवारी संध्याकाळी फोन. सुरुवात ठरलेली.

"काय मास्तर, चौकट देताय?"

"चाक पाठवा, लगेच देतो."

"चाक विसरा."

"मग चौकट विसरा."

एवढं झालं की दोघांनाही बरं वाटे, आणि मग खरं बोलणं सुरू होई. या आठवड्यात मास्तरांनी पंखाच्या तीन फासळ्या बसवल्या. पायलटने पेट्रोलच्या टाकीचा पोचा काढला. मास्तरांचा हात चित्रकाराचा, कामाला नाजूक पण अक्कल कमी, असं पायलटचं ठाम मत. एकदा मास्तर म्हणाले की त्यांनी शेपटीचा पत्रा लावून टाकला. पायलट ओरडलाच, "आणि आतल्या तारा? तारा ओढल्याशिवाय पत्रा लावतं का कुणी? उद्या सुकाणू हलवायचं झालं तर काय, फुंकर मारणार?" मास्तर हळूच म्हणाले, "चुकलं खरं. नीट सांगा बरं, कसं करायचं ते." पायलटने चहा गार होईपर्यंत सांगितलं. पुढच्या रविवारी मास्तरांनी पत्रा काढला होता. त्याच्या पुढच्या रविवारी एक तार ओढून झाली होती. मधेच एकदा त्यांनी आधी बसवलेल्या फासळ्या पुन्हा बसवल्याचं सांगितलं, तेव्हा पायलट मनात म्हणाला, म्हातारा विसरायला लागला.

पायलटचा त्या आठवड्यातला बोलायचा कोटा त्या फोनवर संपे. इतर दिवशी त्याचा आवाज फक्त दूधवाल्याने ऐकलेला.

मग संग्रहालयाच्या बाई आल्या. कुणाकडून तरी ऐकून आल्या होत्या. टिटवीभोवती फिरल्या, पंखावरून हात फिरवला, रिव्हेटच्या ओळीशी थांबल्या. पायलटला तेवढ्यावरच त्या आवडल्या. म्हणाल्या, "चौकट बसली की आम्ही घेऊ. विमान जपलं जाईल. फक्त जागेचं सांगून ठेवते. समोरचं काचेचं दालन आहे, तिथे हवा कोरडी ठेवतात, लोकही तिथेच येतात. पण ते जगात एकच उरलेल्या वस्तूंसाठी. बाकीची विमानं मागच्या गोदामात. असं आणखी कुठे आहे का?"

पायलट खोटं बोलणारा नव्हता. "दोन आहेत," तो म्हणाला. "दुसरं एका मास्तरांकडे."

"मग मागचं गोदाम," बाई म्हणाल्या.

त्या गेल्यावर पायलटने मास्तरांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. चौकट देत नाही ते नाही, वर वाटेत आडवा! आयुष्यभर जिच्यासाठी जिवाचा आटापिटा केला ती अंधाऱ्या गोदामात पडणार, का, तर या गृहस्थाच्या अर्ध्यामुर्ध्या विमानापायी. रविवारी फोनवर त्याने हे बोलूनही दाखवलं. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुमची टिटवी काचेत शोभेल, पायलट." आणि पंखाच्या रंगाचं काहीतरी विचारलं.

पुढच्या रविवारी फोन आला नाही. पायलट फुगून बसला. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. तेव्हा मात्र त्याने स्वतः लावला. मास्तरांच्या मुलीने उचलला.

"बाबा गेले हो, काका," ती म्हणाली. "तुमचा नंबर शोधत होते मी."

पायलटच्या मनात पहिला विचार आला तो चौकटीचा. दुसरा काचेच्या दालनाचा. मग त्याला स्वतःचीच इतकी शरम वाटली की नुसतं "येतो" म्हणून त्याने फोन ठेवला. सकाळी त्याने आपल्या टिटवीच्या शेपटीखालचं चाक सोडवलं, पुसलं आणि पिशवीत घातलं. का, ते त्याला सांगता आलं नसतं. सौदा करावा तर समोरचा माणूसच उरला नव्हता. निदान मास्तरांच्या विमानाला एकदा लावून तरी बघू, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

पत्ता निघाला एका इमारतीचा, वरच्या मजल्यावरचा. पायलट आधी इमारतीच्या मागे जाऊन आला. मागे स्कूटर उभ्या होत्या आणि कपडे वाळत होते. विमान मावेल असं तिथे काही नव्हतं. जिना चढून तो वर गेला. खोली लहान, नेटकी. एक पलंग, एक खुर्ची, भिंतीवर टिटवीची चित्रं: समोरून, बाजूने, पोट उघडं करून.

"विमान कुठे ठेवलंय?" त्याने विचारलं.

मुलगी म्हणाली, "बाबांनी तुम्हाला सांगितलं नाही?"

मग तिने सांगितलं. शेड चुलत्यांच्या जागेत होती. आई आजारी होती, बाबा दवाखान्यात तिच्या उशाशी बसून असत. तेवढ्यात चुलत्यांनी जागा विकली आणि घेणाऱ्याने शेड साफ केली. बाबा परत आले तेव्हा तिथे चाकोऱ्या उरल्या होत्या. त्याच वर्षी आईही गेली. ही गोष्ट जुनी, तिचं लग्न व्हायच्याही आधीची. चौकट तेवढी घरात होती, म्हणून वाचली.

"पण दर रविवारी..." पायलट म्हणाला.

"हो. रविवारी सकाळपासून या खुर्चीत बसून ठरवायचे, या आठवड्यात काय काम केलं ते. मला विचारायचे, 'फासळ्या मागे सांगितल्या होत्या का गं?' मला काय कळतंय त्यातलं! तुम्ही ओरडलात की दिवसभर खूश. म्हणायचे, आज पायलटने चांगलंच झापलं."

तिने पलंगाखालून एक गुंडाळी काढली. मऊ धुतलेल्या चादरीत चौकट होती, तेल लावलेली, कुठे गंजाचा ठिपका नाही. "मी म्हटलं होतं त्यांना, देऊन टाका की. तर म्हणाले, मी गेल्यावर दे. आत्ता दिली तर तो फोन कशाला करेल?"

पायलटने पिशवीतून चाक काढून टेबलावर ठेवलं.

"हेच का ते?" मुलीने विचारलं, आणि बोटाने ते जरासं फिरवलं. ते छान फिरत होतं.

परतीच्या बसमध्ये पायलटला आधी राग आला. इतकी वर्षं आपल्याला उल्लू बनवलं! हवेतल्या फासळ्या, हवेतल्या तारा, आणि आपण शहाणे घसा फोडून शिकवत होतो. मग राग ओसरला आणि त्याला रडू आलं. शेजारच्या प्रवाशाने खिडकी लावू का म्हणून विचारलं. वाऱ्याने डोळ्यांत पाणी येतंय, असं त्याला वाटलं असावं. पायलट लावा म्हणाला. चौकट त्याने मांडीवर घेतली होती. एका शब्दाने म्हातारा म्हणाला असता की माझं विमान गेलं, तर आपण काय केलं असतं, हे तो स्वतःला विचारत राहिला. उत्तर त्याला ठाऊक होतं. चौकट मागितली असती, आणि मिळाल्यावर फोन बंद.

चौकट बसली. कानस एकदाही फिरवावी लागली नाही, जणू कालच काढली होती. चाकही परत लावलं. टिटवी पुरी झाली, आणि पायलट तिच्यासमोर डबा पालथा घालून बसला. इतकी वर्षं या दिवसाची वाट बघितली होती. कुणाला तरी सांगावं असं फार वाटलं. बायकोला फोन केला. ती म्हणाली, "बरं झालं हो. जेवलात का?" नातू रडत होता म्हणून तिने लवकर ठेवला. रविवारी संध्याकाळी तो सवयीने फोनशी जाऊन उभा राहिला, आणि तसाच परत शेडमध्ये आला.

बाई ट्रक घेऊन आल्या. चौकट बघून हरखल्या. माणसं पंख सोडवायला लागली, पायलट प्रत्येकाच्या हातावर लक्ष ठेवून होता. बाईंनी पिशवीतून पाटीच्या मजकुराचा कागद काढला; जगात अशी किती उरली, तिथे जागा कोरी होती.

"त्या मास्तरांचं कळलं मला," त्या म्हणाल्या. "वाईट झालं. पण त्यांच्या विमानाचं काय? ते राहिलं नसेल तर हे जगातलं एकमेव. काचेच्या दालनात जागा रिकामी आहे, मी साहेबांशी बोलूनही ठेवलंय. तुम्ही फक्त सांगा."

पायलटने चौकटीवरून फडकं फिरवलं. पुसण्यासारखं तिथे काही नव्हतं.

"आहे," तो म्हणाला.

"तुम्ही स्वतः बघितलंत?"

"जाऊन आलो ना."

"कितपत झालंय?"

"शेपटीतल्या तारा ओढून झाल्यात. पत्रा लावायचा राहिलाय." त्याने फडकं झटकलं. "काम चांगलं आहे. हात फार नाजूक आहे त्यांचा."

बाईंनी कागदावरच्या कोऱ्या जागेकडे बघितलं. "मग मागच्या गोदामात जाईल हो," त्या म्हणाल्या. "विचार करा."

"जाऊ दे," पायलट म्हणाला. "दोन लिहा."